आमच्या मित्रांच्या मृत्यूचा ‘तपास’ करणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
आमच्या तीन मित्रांच्या मृत्यूबद्दल गेले अकरा आठवडे ऑनलाइन लिहिणारे, व्हिडिओ करणारे आणि त्यासाठी ग्रुप चालवणारे सर्व जण,

नमस्कार.

तुम्ही ज्या फोटोवर लाल वर्तुळं काढली आहेत, त्यात डावीकडून दुसरी उभी आहे ती मी.

त्या रात्री आम्ही सहा जण जमलो होतो. कॉलेजपासूनची मैत्री. नोकऱ्या बदलल्या, संसार झाले, तरी वर्षातून एकदा सगळ्यांनी भेटायचं हा नेम आम्ही मोडू दिला नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे कामावर हजर व्हायचं असल्यामुळे मी सगळ्यांत आधी निघाले. तासाभराने एक जण निघाला, आणि मध्यरात्र उलटल्यावर आणखी एक. मागे राहिलेले तिघे दुसऱ्या दिवशी दुपारी मृतावस्थेत सापडले. घर त्या तिघांपैकीच एकाचं होतं. दार उघडलं ते त्याच्या बहिणीने.

घरात झटापटीची खूण नव्हती. कुणाच्या अंगावर जखम नव्हती. शवविच्छेदनातून मृत्यूचं कारण लगेच कळलं नाही, म्हणून व्हिसेरा राखून ठेवला आहे आणि रासायनिक तपासणीचा अहवाल यायचा आहे. आज खात्रीने सांगता येईल असं एवढंच आहे. यापलीकडे तुम्ही जे वाचलंत, ते कुणीतरी घरबसल्या जुळवलेलं आहे.

इतके दिवस मी एक अक्षर लिहिलं नाही. आताही त्या रात्रीबद्दल काही लिहिणार नाही. पण मागच्या आठवड्यात तुमच्यापैकी एकाने त्या बहिणीच्या कामाच्या ठिकाणाबाहेर उभं राहून तिचा फोटो काढला आणि खाली लिहिलं, ‘बघा, कशी नॉर्मल वागतेय.’ ते वाचलं आणि गप्प बसणं मला अशक्य झालं.

आधी आमच्या गप्प राहण्याबद्दलच सांगते, कारण तुमच्या लेखी तोच सगळ्यांत मोठा पुरावा आहे. ‘निर्दोष असते तर समोर येऊन बोलले असते’ हे वाक्य मी किती वेळा वाचलं असेल, त्याला हिशेब नाही. आमचे जबाब झाले तेव्हा तपास अधिकाऱ्यांनी तिघांनाही स्वतंत्रपणे सांगितलं होतं: बाहेर कुणाशी बोलू नका, आणि आपापसातही त्या रात्रीचे तपशील काढू नका. एकाची आठवण ऐकली की दुसऱ्याची नकळत तशीच होत जाते, आणि मग जबाबाला किंमत उरत नाही. आम्ही ते पाळलं. म्हणजे काय झालं, ते समजून घ्या. ज्या दोघांच्या खांद्यावर डोकं ठेवून मला रडता आलं असतं, त्यांच्याशी मी तीन आठवडे फोनवर ‘जेवलीस का, झोप लागली का’ यापलीकडे बोलू शकले नाही. तपासाला धक्का लागू नये म्हणून आम्ही हे सोसलं, आणि तुम्ही त्यालाच ‘तिघांनी ठरवून मौन पाळलंय’ असं म्हणालात.

मी लवकर निघाले म्हणून संशयित. तो शेवटी निघाला म्हणून संशयित. मधल्या वेळी निघालेल्यावर तुम्ही कुणी फारसं लिहिलं नाही, पण त्याच्या मुलीला शाळेत कुणीतरी विचारलं, ‘तुझ्या बाबांनी काय केलं?’ त्या दिवसापासून तो कुणाचाच फोन घेत नाही. आम्ही कोणत्या वेळी निघालो असतो, म्हणजे तुमचं समाधान झालं असतं?

‘तू लवकर का निघालीस?’ हा प्रश्न मला विचारणारे तुम्ही पहिले नाही. मी तो स्वतःला रोज विचारते. थांबले असते तर कुणाला काही होतंय हे लक्षात आलं असतं का, खिडकी उघडली असती का, कुणाला तरी हाक मारली असती का? की मीही चौथी झाले असते? हा प्रश्न माझ्या उशाशी असतोच. त्यावर तुम्ही प्रश्नचिन्हं लावून, माझं नाव टाकून, तो हजारो लोकांपुढे ठेवलात.

आता त्या वीस मिनिटांबद्दल. बहीण घरात शिरली आणि तिने मदतीसाठी फोन केला, यात वीस मिनिटं गेली, असं एका शेजाऱ्याने कुणाला तरी सांगितलं. तिथून तो आकडा तुमच्याकडे आला. या वीस मिनिटांवर तुम्ही चाळीस मिनिटांचे व्हिडिओ केलेत. काय लपवलं, काय पुसलं, कुणाला आधी कळवलं. ती वीस मिनिटं ती आपल्या भावाला उठवत होती. त्याचे हात चोळत होती, तोंडावर पाणी मारत होती, त्याचं नाव घेत होती. भाऊ गेला आहे हे ज्या मनाला मान्य करायचं नाही, ते मन घड्याळ बघत नाही. हे तिने मला सांगितलं, आणि ते जाहीरपणे लिहायची परवानगीही तिनेच दिली, कारण ‘निदान एकदा तरी खरं कुठेतरी असू दे’ असं तिला वाटलं.

तुमच्यातले काही जण मनापासून विचारतात, हेही मला माहीत आहे. ‘एकाच घरात, एकाच टेबलावर बसलेल्यांपैकी तिघं जातात आणि तिघं वाचतात, हे कसं?’ प्रश्न वावगा नाही. पण त्याला विज्ञानाकडे साधी उत्तरं आहेत, आणि त्यासाठी कुणाला खुनी ठरवावं लागत नाही. कार्बन मोनॉक्साइड घ्या. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटीहून अधिक ओढीने चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते आणि माणूस ‘जरा पडतो’ म्हणून आडवा होतो. तिथून जो आधी बाहेर पडला, त्याच्या रक्तातलं विषाचं प्रमाण मोकळ्या हवेत काही तासांत उतरत जातं. जो झोपला, त्याला ती संधीच मिळत नाही. मिथेनॉल घ्या. पिताना ते नेहमीच्या मद्यापेक्षा वेगळं लागत नाही. शरीर त्याचं फॉर्मिक आम्ल बनवतं आणि खरा त्रास पुष्कळदा बारा ते चोवीस तासांनी सुरू होतो. कुणी किती घेतलं, सोबत साधं मद्य किती गेलं, यावरही फरक पडतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाओसमधल्या वांग व्हियेंग या गावात सहा परदेशी पर्यटक मिथेनॉलच्या संशयित विषबाधेने दगावले. त्याआधी मे २०२२ मध्ये बहामातल्या एका रिसॉर्टमध्ये तीन अमेरिकन पर्यटक मृत सापडले. अंगावर माराच्या खुणा नव्हत्या. कारण कार्बन मोनॉक्साइड होतं, हे पुढे तपासणीतून निघालं.

आमच्या बाबतीत यातलं काही घडलं, असं मी म्हणत नाही. हे परिच्छेद कापून त्याचा नवा ‘खुलासा’ करू नका, ही विनंती. मलाही एक तर्क आहे. त्या संध्याकाळची एक बारीकशी गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. ती मी जबाबात सांगितली आहे, सही केली आहे, आणि ती तिथेच राहील. इतक्या जवळून पाहिलेलं असूनही मी तो तर्क चव्हाट्यावर मांडत नाही, कारण तो चुकला तर एखाद्या जिवंत माणसाचं आयुष्य त्याखाली येईल.

‘अकरा आठवडे अहवाल येत नाही म्हणजे दाबतायत’ हेही फार लिहिलं जातं. विषाची तपासणी म्हणजे एक पट्टी बुडवली आणि रंग बघितला, असं नसतं. नेमकं काय शोधायचं हे ठाऊक नसेल, तर पदार्थांच्या एकेका गटासाठी वेगळी चाचणी लागते, आणि सापडलेली गोष्ट दुसऱ्या पद्धतीने पडताळून बघावी लागते. त्यातही सापडलेल्या आकड्याचा अर्थ लावणं अवघड. मृत्यूनंतर काही औषधं अवयवांतून रक्तात झिरपतात, त्यामुळे रक्तातलं प्रमाण जिवंतपणी होतं त्यापेक्षा जास्त दिसू शकतं. कुजण्याच्या क्रियेत जिवाणू थोडंफार अल्कोहोल स्वतःच तयार करतात. अशा वेळी घाईने दिलेला आकडा हा अहवाल न मिळण्यापेक्षा वाईट. मला तो अहवाल तुमच्यापेक्षा लवकर हवा आहे. पण तो बरोबर हवा आहे.

तुम्ही म्हणाल, लोकांनी लक्ष घातलं नाही तर प्रकरणं बंद होतात. मान्य. मी स्वतः तीन वेळा जाऊन विचारून आले आहे की विलंब का होतोय. यंत्रणेला प्रश्न विचारा, लेखी विचारा, वारंवार विचारा, आम्ही तुमच्याबरोबर उभे राहू. लोकांची खरी मदतही होते. सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत प्रवासाला निघालेली एक तरुणी बेपत्ता असल्याची तक्रार झाली. त्याच भागात फिरणाऱ्या एका जोडप्याला आपल्या प्रवासाच्या चित्रीकरणात तिची व्हॅन उभी दिसली, त्यांनी ते तपास यंत्रणेला कळवलं, आणि शोधाला दिशा मिळाली. त्यांच्याकडे दाखवण्यासारखं काहीतरी होतं आणि ते योग्य हातात गेलं. तुमच्याकडे काय आहे? एक फोटो, एक ऐकीव आकडा आणि आमच्या जुन्या पोस्ट.

असंच थोडंसं हाताशी घेऊन लोकांनी आधी काय केलं आहे, ते आठवा. एप्रिल २०१३ मध्ये बॉस्टन मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले. रेडिटवर हजारो लोक गर्दीचे फोटो चाळत बसले आणि महिनाभर बेपत्ता असलेल्या एका विद्यार्थ्याला त्यांनी आरोपी ठरवलं. त्याचे घरचे त्याला शोधत होते. त्यासाठी त्यांनी उघडलेल्या पानावर शिव्यांचा इतका मारा झाला की ते पान बंद करावं लागलं. त्या मुलाचा स्फोटांशी काडीचा संबंध नव्हता. काही दिवसांनी त्याचा मृतदेह सापडला. रेडिटने माफी मागितली. ती माफी त्या आईवडिलांनी कुठे ठेवली असेल, हे मी अलीकडे वारंवार मनात आणते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात मॉस्को नावाच्या गावी चार विद्यार्थ्यांचा एकाच घरात खून झाला. त्या घरात वाचलेल्या मुलींवर लोक तुटून पडले: ऐकू कसं आलं नाही, फोन उशिरा का केला. एका प्राध्यापिकेवर तर टॅरोची पानं मांडून आरोप करणारे व्हिडिओ आले. तिला कोर्टात जावं लागलं. शेवटी अटक झाली ती या कुणाच्याच यादीत नसलेल्या माणसाला, आणि जुलै २०२५ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. इंग्लंडमध्ये जानेवारी २०२३ मध्ये नदीकाठी फिरायला गेलेली एक महिला नाहीशी झाली, तेव्हा लोक मोबाइल घेऊन त्या गावात उतरले, तिच्या जोडीदाराला संशयाच्या पिंजऱ्यात उभं केलं. ती नदीत अपघाताने बुडाली होती. जून २०२३ च्या चौकशीचा निष्कर्ष तोच आला. तिथेही आधी ‘हे शक्यच नाही’ असं छातीठोक सांगणारे होते.

आणि एक जुनी गोष्ट, जी मला हल्ली सोडत नाही. १९५९ साली उरल पर्वतात एक तरुण मंडळी हिवाळी मोहिमेवर निघाली होती. दहा जण निघाले. वाटेत एकाचं अंग दुखू लागलं म्हणून तो मागे फिरला. पुढे गेलेले नऊही जण फेब्रुवारीत मेले. तंबू आतून फाडलेला होता. माणसं अर्ध्या कपड्यांत बर्फात पळाली होती. त्यावर हिममानवापासून उडत्या तबकड्यांपर्यंत आणि गुप्त शस्त्रांपर्यंत सगळं लिहून झालं. २०२० मध्ये रशियातल्या सरकारी वकिलांनी हिमस्खलन हे कारण दिलं. २०२१ मध्ये दोन संशोधकांनी तशा उतारावरही बर्फाची लादी कशी सुटू शकते याचं गणित मांडलं. मागे फिरलेला तो दहावा माणूस २०१३ पर्यंत जगला. यातलं काही कळायच्या आधीच तो गेला. आयुष्याची पन्नासहून अधिक वर्षं त्याने आपल्या मित्रांबद्दल जगाचे तर्क ऐकत काढली. तुम्हाला ती गोष्ट नऊ जणांची वाटते. मला ती त्या दहाव्याची वाटते.

आमच्या मित्रांबद्दल तुम्ही जे लिहिलंत, त्यातलं एक मात्र मला इथे सांगितलंच पाहिजे. तिघांतला सर्वांत धाकटा मनाने अतिशय नाजूक होता. तीन वर्षांपूर्वी तो नैराश्यातून गेला आणि त्यातून बाहेर आला. त्याबद्दल त्याने स्वतः एक पोस्ट लिहिली होती, कारण आपल्यासारख्या कुणाला तरी धीर मिळावा, अशी त्याची इच्छा होती. ती पोस्ट तुम्ही शोधून काढलीत आणि ‘यानेच बाकीच्यांना संपवलं असणार’ असा सिद्धान्त मांडलात. त्याच्या आईने तो वाचला. तिने मला फोन करून विचारलं, ‘अगं, असं असेल का गं? तुला काही म्हणाला होता का?’ स्वतःच्या मेलेल्या मुलाबद्दल आईच्या मनात ही शंका पेरणारा माणूस रात्री कसा झोपतो, मला कळत नाही. मी त्यांना जे सांगितलं ते खरं होतं: त्या संध्याकाळी तो पुढच्या वर्षीच्या भेटीची तारीख ठरवत होता.

आता मागण्या.

जिवंत असलेल्या आम्हा चौघांची, म्हणजे त्या बहिणीसह आम्हा तीन मित्रांची, नावं, चेहरे, पत्ते आणि कामाची ठिकाणं तुमच्या पोस्ट आणि व्हिडिओंतून काढा. तपास यंत्रणेने ज्याचं नाव जाहीर केलेलं नाही, त्याचं नाव जाहीर करण्याचा अधिकार तुम्हाला नाही.

घरच्या लोकांना संदेश पाठवणं, फोन करणं, दारात येणं आजपासून बंद करा. सांत्वनाच्या नावाखाली प्रश्न विचारणंही. तीन घरांत सध्या फोन वाजला की माणसं दचकतात.

कुणाकडे खरोखर माहिती असेल, त्या रात्री कुणी काही पाहिलं असेल, काही ऐकलं असेल, तर ते तपास अधिकाऱ्यांकडे स्वतःच्या नावाने आणि सहीने द्या. ज्याखाली सही करायची तयारी नाही, ते ऑनलाइनही टाकू नका.

व्हिडिओ करणाऱ्यांना वेगळं सांगते. या मृत्यूंवर केलेल्या व्हिडिओंच्या जाहिराती बंद करा. तुमच्यातल्या एकाने पाच भाग केले आहेत आणि प्रत्येक भागाच्या शेवटी ‘पुढच्या भागात मोठा खुलासा’ असं आहे. पुढच्या भागात काहीच नसतं, हे तुम्हालाही ठाऊक असतं.

ग्रुप चालवणाऱ्यांनी अहवाल येईपर्यंत या विषयावरच्या चर्चा बंद ठेवाव्यात. तुमच्या नियमांत ‘व्यक्तिगत आरोप नकोत’ असं लिहिलेलं आहे. मी तीन पोस्टची तक्रार केली. एकीचं उत्तर आलं: ‘हा फक्त अंदाज आहे, आरोप नाही.’ नाव घेऊन, फोटो लावून, ‘हिनेच काहीतरी मिसळलं असणार’ असं लिहिणं हा अंदाज असेल, तर आरोप कशाला म्हणायचं ते मला लेखी कळवा.

आणि अहवाल आला की तो पूर्ण वाचा. तुमच्या सिद्धान्ताला सोयीची ओळ उचलू नका. तो चुकला असेल, तर ज्या जागी, जितक्या मोठ्या अक्षरांत आमच्यावर लिहिलंत, तिथेच तसं लिहा. पोस्ट गुपचूप पुसून पुढच्या प्रकरणाकडे वळू नका. अहवालात आमच्यापैकी कुणाची चूक निघाली, तर तिची शिक्षा कोर्ट देईल आणि आम्ही ती भोगू.

शेवटी तो फोटो. मोबाइल कपाटावर टेकवून, टायमर लावून मी तो काढला. दहा सेकंदांत धावत जाऊन रांगेत घुसायचं होतं, म्हणून त्यात मी हसत नाहीये, मला धाप लागलेली आहे. तुम्ही माझ्या चेहऱ्याभोवती वर्तुळ काढून लिहिलंत, ‘हिलाच काहीतरी माहीत होतं.’ दुसरं वर्तुळ एका ग्लासाभोवती आहे, तिसरं एका हाताभोवती. तो हात माझ्या खांद्यावर ठेवायला वर उचललेला आहे, मी पडू नये म्हणून. आम्ही सहाही जण एकत्र असलेला तो शेवटचा फोटो आहे, आणि तिन्ही घरांनी तो भिंतीवर लावण्यासाठी मागितला आहे. माझा मोबाइल तपासासाठी जमा आहे. त्या घरच्यांनी तो फोटो ऑनलाइन शोधला, तर आधी वर्तुळांचाच सापडतो. मागच्या रविवारी त्या बहिणीने तसाच तो छापून आणला आणि खडूने लाल रेषा झाकायचा प्रयत्न करत बसली होती.

ते फोटो आज काढून टाका.

— डावीकडून दुसरी